चंद्रभानच्या नावाचा शर्ट

मी शर्ट बोलतोय. लगेच घाबरू नका, घाबरायला पुढे जागा आहे.

जन्मानं मी खाकी. ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी रंग लांबून दिसतो हे साहेब लोकांच्या जरा उशिराच लक्षात आलं, मग आम्हा हजारोंना हिरव्या रंगाच्या हौदात बुचकळून काढलं. तेव्हापासून मी हिरवा. शिवणीच्या आत मात्र अजून खाकीच आहे.

इंग्रज पलटणीतला एक गोरा पोरगा माझ्या वाट्याला आला. युद्धाआधी तो त्याच्या देशात कापडाच्या गिरणीत माग चालवायचा. एकदा काटेरी वेलीत माझी काख फाटली. दुसरा कुणी असता तर चार टाके घालून मोकळा झाला असता. यानं माझ्याच शिवणीतले धागे उपसले, तुटलेल्या प्रत्येक धाग्याला बारीक चपटी गाठ मारली आणि वीण जशीच्या तशी बसवली. मला त्या दुरुस्तीचा फार तोरा होता.

मग त्याला ताप चढला. दवाखान्याच्या तंबूत पडल्या पडल्या त्याची बोटं हवेत तुटके धागे जोडत राहिली. आईला हाका मारता मारता तो गेला. लोकांनी मला त्याच्या अंगावरून उतरवलं, उकळत्या पाण्यात टाकलं, घडी घालून कोठारात पाठवलं. त्याला मातीत ठेवलं असं म्हणतात. पण तो माझ्यातून गेलाच नव्हता.

कोठारं बदलत गेली. शेवटी कामठीच्या जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात मी येऊन पडलो. तिथून सदुसष्ट साली मला उचललं ते रुपरावांनी.

हे रुपराव नागपूरच्या गोळीबार चौकातले. घर कोष्टी विणकरांचं, हातमाग मोडीत निघाला तेव्हा त्यांनी रफूचं दुकान टाकलं. जंगलातल्या लढाईचे शर्ट, टोप्या, पट्टे, पाण्याच्या बाटल्या जमवायच्या आणि नव्यासारख्या करायच्या, हा त्यांचा नाद. पितळी बकलं चिंचेनं घासायची, कापड रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचं. शेजारी म्हणत, "मेलेल्याइचे कपडे काहून जमा करून राहिला गा?" रुपराव नुसते हसत.

घरात सगळ्यांना कारण ठाऊक होतं. त्यांचा थोरला भाऊ चंद्रभान त्याच युद्धावर गेला आणि परत आला नाही. ना तार, ना हाड. म्हातारी आई गोदूबाई अंथरुणाला खिळलेली. चंद्रभानची बायको सुभद्रा रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गोदूबाईंना डोळे मिटायच्या आत मुलाचं एवढं व्हायला हवं होतं. बारा वर्षं केव्हाच उलटली होती, पण सुभद्रा अडून बसली होती. "ते मेले हे कोणी पायलं?" या प्रश्नावर विषय पुन्हा पुढच्या वर्षावर जाई.

मला धुवून वाळवल्यावर रुपरावांची बोटं माझ्या काखेतल्या गाठींवर थांबली. ते किंचाळलेच. "माय वं! दादाचा शर्ट! हे गाठ आपल्या कोष्ट्याशिवाय कोन मारन?"

मला हसावं की रडावं कळेना. अहो, जगातला प्रत्येक विणकर तुटलेला धागा असाच जोडतो! पण रुपरावांच्या बोटांना एकाच घराची गाठ माहीत होती.

दोन दिवसांत पळसाच्या काड्या आल्या. अंगणात पुतळा बांधला आणि त्याच्या अंगावर मला चढवलं. भरदुपारची वेळ, झाडाचं पान हलत नव्हतं. गोदूबाईंची खाट बाहेर आणली. त्यांनी मान उचलून हाक मारली.

"चंद्रभान! आला का रे बापू?"

त्याच वेळी शेजारच्या घरात माग सुरू झाला. खटक-खट, खटक-खट. आणि माझ्या आतला गोरा पोरगा जागा झाला.

माझी उजवी बाही वर उठली. बाहीच्या तोंडाशी, जिथं काहीच नव्हतं तिथं, कुणीतरी धागे जोडायला लागलं. मी ती बाही हलवली नाही, शपथेवर सांगतो. रुपराव दोन पावलं मागे सरले. एवढ्या हौसेनं जमवलेलं असं उठून उभं राहील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

गोदूबाईंचा चेहरा उजळला. "ओ देल्ली वं त्यानं! सुभद्रा, पाय, त्याचाच हाय ना?"

सुभद्रा जवळ आली. भीत नव्हती ती. तिनं दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले आणि क्षणात तिला कळलं. मला तिची फार दया आली. मी आतल्या आत ओरडत होतो, नाही म्हण बाई, नाही म्हण! तिनं सासूकडे पाहिलं. हात कपाळापर्यंत गेला, खाली आला.

"हो माय. त्याइचाच हाय."

पुतळा उचलताना ती रुपरावांना हळूच म्हणाली, "भाऊजी, त्याइचे खांदे एवढे रुंद नव्हते."

"मंग हो काहून म्हनलं, वैनी? मी सांगतो मायले, अजून वेळ गेली नाही."

"नोका सांगू. माय किती वाट पाहीन? अन् यानं ओ देल्ली ना. यालेबी कोनाची तरी माय असन." एवढं बोलून तिनं पदराच्या टोकानं आपलं कुंकू पुसलं.

आता मी कन्हान नदीच्या काठावर लाकडांवर आडवा आहे. रुपरावांनी अग्नी दिलाय. माझ्या आतला पहिल्यांदाच शांत पडलाय. बोटं थांबली आहेत. पळसाच्या काड्या पायाकडून तडतडायला लागल्या.

जळायचं मला दुःख नाही. दुःख आहे ते सुभद्रेचं. तिचा चंद्रभान अजून कुठल्या तरी शर्टात उभा असेल, परक्या मुलुखात, कुणाच्या खुंटीवर. तुमच्या घरात असा जुना हिरवा शर्ट असेल, तर त्याला एकदा हाक मारा. नाव चुकलं तरी चालेल. तो ओ देईल.