दिग्गीचा एकच फोन

रामनगरच्या टॅक्सी थांब्यासमोर यशवंताचं चहाचं दुकान होतं आणि दुकानात, साखरेच्या डब्याशेजारी, एक काळा फोन होता. यशवंत गेला, चहा बंद झाला, फोन तेवढा राहिला. त्याची बायको सुशीलाक्का अजून रोज सकाळी तो फडक्यानं पुसायची.

एके काळी रानातल्या कुठल्याही गावात गाडी हवी असली की लोक त्या फोनवर सांगत. अक्का दारात येऊन हाक मारी, आणि ज्याची पाळी तो निघे. रस्ता वाईट म्हणून कुणी पाळी टाळायची नाही, असा थांब्याचा नेम होता. या कामाचे तिनं कधी पैसे घेतले नाहीत. “गाडी सांगायची म्हणजे निरोप द्यायचा. निरोपाचं काय घ्यायचं?” असं यशवंत म्हणे.

मग ड्रायव्हर एका कंपनीकडे गेले. तिथंही फोन फुकटच. लांबच्या कुठल्या शहरात एक मुलगी तो उचलते, आणि इथं ड्रायव्हरच्या मोबाइलवर गाव उमटतं. ड्रायव्हर पोरांनी गावोगावच्या बसथांब्यांवर जाऊन अक्काचा नंबर चुन्यानं पुसला आणि त्यावर नवा रंगवला. थांब्यावरचा ड्रायव्हर सूरज तिला चिडवायचा, “अक्का, तुमच्या फोनला आता पेन्शन लावा.” ती म्हणायची, “लावते की. सही कराय तूच ये.”

त्या दिवशी मात्र फोन पुसायचा राहिला. पहाटे शेजारची बायजा गेली होती.

बायजा मूळची रानातल्या दिग्गी गावची. रामनगरात येऊन तिला पन्नासेक वर्षं झाली असतील, पण लुगड्याची गाठ तिनं शेवटपर्यंत माहेरच्यासारखी खांद्यावर बांधली. “ही गाठ माझ्या भावाच्या लुगड्यानंच सुटायची,” असं ती हसत म्हणायची. बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. बायजाला माहेरचं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ नागू.

तिच्या मुलानं, शिवानंदनं, उजाडताच दिग्गीच्या अलीकडच्या बाजारकुणंग गावातल्या दुकानदाराला फोन केला. त्यानं मोटरसायकलवर माणूस दिग्गीला पाठवला. त्या माणसानं परत येऊन कळवलं, की मामाला निरोप मिळाला, मामा म्हणाला गाडी सांगतो, फुलामामीला घेतो आणि लुगडं घेऊन येतो. तेव्हा सगळे अंगणात वाट बघत बसले.

ऊन माथ्यावर आलं. मग ते पिंपळापलीकडं कललं. रस्त्यावर गाडी वाजली की बायका माना वर करीत आणि पुन्हा खाली घालीत.

“शिवानंदा,” बायजाचा दीर महाबळेश्वर शेवटी म्हणाला, “थंडीचे दिवस हायत. दिस बुडाल्यावर अग्नी द्यायचा न्हाई. दुकानातनं एक लुगडं आण.”

“मामा येतो म्हणालाय, काका.”

“येतो म्हणालाय ते सकाळी. रान हाय ते. गाडी बंद पडली आसंल.”

शिवानंद अक्काकडे बघू लागला. अक्का बायजाच्या उशाशी बसली होती. तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली.

“जरा थांबा,” ती म्हणाली. “मी बघून येते.”

थांब्यावर सूरज गाडीच्या सावलीत बसला होता.

“दिग्गीला कोण गेलंय रे आज?”

“कोण न्हाई, अक्का.”

“सकाळी फोन आला आसंल की.”

सूरजनं मोबाइल काढून बघितला. “व्हय, आलता. मलाच आलता. पण निघायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं आसतंय, कंपनीचा नियम हाय. मी किती डाव लावला. लागतच न्हाई. मग ती गाडी आपोआप रद्द झाली.”

अक्का गाडीला टेकून उभी राहिली.

“लागंल कसा? बाजारकुणंग सोडलं की फोन मेला. दिग्गीचा माणूस वरच्या खडकावर चढतो, गाडी सांगतो आन् खाली येऊन रस्त्याला बसतो. दिग्गीचा फोन एकदाच येतो, सूरज. एकदाच. आला की निघायचं, परत विचारायचं न्हाई. नागू हाय तो. बायजाचा भाऊ.”

सूरजचा हात खिशात चावी शोधू लागला. “मला नुसतं गावाचं नाव दिसलं, अक्का,” तो म्हणाला. “बसा.”

गाडी रानाच्या वाटेला लागली. भातं मळून झाली होती, खळी रिकामी होती. पुढं रान दाट झालं, सूरजच्या मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गेल्या. अक्काला तो रस्ता फोनवरून पाठ होता. कुठल्या ओढ्याला पाणी चढतं, कुठल्या वळणावर गवे बसतात, सगळं तिनं लोकांच्या तोंडून ऐकलेलं. डोळ्यांनी ती पहिल्यांदाच बघत होती.

दिग्गीच्या बसथांब्यावर नागू आणि फुला बसले होते. नागूनं धुतलेला शर्ट घातला होता. मांडीवर नवं लाल लुगडं होतं, त्यावर त्याचे दोन्ही हात. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर नवा नंबर होता, आणि चुन्याखालून जुना अजून जरासा दिसत होता.

“आलीस?” तो उठत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “मी फुलाला म्हटलं, सुशीलाक्काला सांगितलंय, गाडी येणारच. कुठं अडकली आसंल. परत खडक चढलो आन् गाडी येऊन गेली तर?”

“मला सांगितलंस?”

“व्हय की. तुझाच नंबर ना हा, नवा? पोरगी बोलली, तुझी सून आसंल म्हटलं. तिला सांगितलं, अक्काला सांग बायजा गेली. म्हणाली, धन्यवाद.”

सूरजनं तोंड फिरवलं. अक्कानं गाडीचं दार उघडलं आणि नागूचा हात धरून त्याला आत घेतलं. सून नाही, नंबर आपला नाही, हे तिनं त्याला सांगितलं नाही. त्या वेळी सांगवलं नाही.

परतताना सूरजनं गाडी जमेल तेवढी हाणली. रामनगर आलं तेव्हा सूर्य रानाला टेकला होता. अंगण मोकळं होतं. दारात पणती लावून मंगल, बायजाची सून, बसली होती.

“आत्ताच नेलं,” ती म्हणाली. “ह्यांनी लई थांबवलं. काका म्हणाले, आता थांबायचं न्हाई.”

“लुगडं?” अक्कानं विचारलं.

“दुकानातनं आणलं. पण अंगावर घालू दिलं न्हाई ह्यांनी. नुसतं पायाशी ठेवलंय.”

सूरजनं गाडी तशीच नदीच्या वाटेला घातली. बायका घाटावर जात नाहीत, म्हणून वळणाच्या जांभळीखाली अक्का आणि फुला उतरल्या. नागू लुगडं छातीशी धरून खाली धावू लागला. सत्तरीचा माणूस, एका पायानं लंगडा. सूरज मागनं धावला, त्यानं त्याला दंडाला धरलं आणि दोघं झाडीआड गेले.

फुलानं पदर तोंडावर घेतला. अक्का खालच्या बाजूला बघत राहिली. धूर अजून दिसत नव्हता. उजेड नदीवरून निघून झाडांच्या शेंड्यांवर गेला, आणि मग शेंड्यांवरूनही गेला. तेव्हा कुठं धूर वर आला, सरळ.

बऱ्याच वेळानं नागू वाटेनं वर आला. सूरजनं अजून त्याचा दंड सोडला नव्हता. अक्कानं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही, आधी हातांकडं बघितलं.

हात रिकामे होते.