पाव इंच माया

मोठ्या बाई एकतीस वर्षे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त होऊन चार वर्षे लोटली तरी त्यांनी खोलीत पाऊल टाकताच बसलेली माणसे सावरून बसत. नाकावर माशी बसू देणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे लेकीच्या घरी सोफ्यावर पसरलेली अर्धवट गोधडी पाहून आपल्याला जे वाटले, त्याला हेवा म्हणतात हे स्वतःशी कबूल करायला त्यांना तिच्या दारापासून बसथांब्यापर्यंतची वाट पुरली नाही. बसमध्ये बसल्यावरच ते जमले.

"आईंनी शिवायला घेतलीय," लेक सांगत होती. तिला सातवा महिना लागला होता आणि ती पाय उंचावर ठेवून बसली होती. ‘आईंनी’ म्हणजे तिच्या सासूबाईंनी. जन्मदात्रीला ‘तू’ म्हणायचे आणि सासूच्या डोक्यावर मानाचा अनुस्वार द्यायचा, यात वावगे काहीच नव्हते. तसे वळण मोठ्या बाईंनीच लावले होते. त्या दिवशी मात्र तो अनुस्वार त्यांना टाचणीसारखा टोचला.

"बघ ना, चार चौकोनांचे चार कोपरे कसे एका ठिपक्यात भेटलेत! बाळाला दवाखान्यातून यातच गुंडाळून आणायचं."

"मीही एक शिवतेच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात बटणापलीकडे काही शिवले नव्हते.

"तू? खरंच?"

"का? माझ्या हातांना काय झालंय?"

"तसं नाही गं. पण घरी आणताना एकच लागेल ना."

"मग दोन्ही पुढ्यात ठेवू. सरस ठरेल ती घे."

लेक हसली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी परीक्षा जाहीर केली होती.

विहीणबाई शिकत होत्या शिंपीमास्तरांकडे, आणि आसपास दुसरे कोणी शिकवणारे नव्हते, म्हणून मोठ्या बाईंनाही तिथलाच जिना चढावा लागला. मास्तरांनी दुकान मुलाच्या हवाली करून वरच्या खोलीत दुपारचा वर्ग उघडला होता. एक लांब टेबल, तीन मशिनी, एक इस्त्री आणि खिडकीशी भरपूर उजेडाची एकच खुर्ची. त्या खुर्चीवर विहीणबाई बसत. शिवताना त्या गुणगुणत आणि दोरा दातांनी तोडत. या दोन्ही गोष्टी मोठ्या बाईंनी आपल्या शाळेत क्षणभर खपवून घेतल्या नसत्या.

"अगंबाई, विहीणबाई तुम्ही! या, या. इथं उजेडात बसा."

"नको. मला दिसतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि भिंतीकडेच्या अंधाऱ्या मशीनवर जाऊन बसल्या.

मास्तरांनी गळ्यातला टेप सारखा केला. "दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बाई. पहिली माया. कापडाच्या कडेपासून शिवणीपर्यंत आत जी पट्टी राहते ना, ती माया. पाव इंच, आणि सगळीकडे सारखी. एकीला जास्त, दुसरीला कमी केलीत की कोपरे रुसतात. दुसरी गोष्ट इस्त्री. वरच्या ओळीतल्या शिवणी डावीकडे दाबायच्या, खालच्या ओळीतल्या उजवीकडे. मग दोन ओळी जोडताना त्या एकमेकींना अडतात आणि घट्ट बसतात."

मोठ्या बाईंनी सगळ्या शिवणी एकाच दिशेला दाबल्या. निम्म्यांनी इकडे आणि निम्म्यांनी तिकडे तोंड करायचे, ही बेशिस्त त्यांच्या हाताला मानवेना. ओळी जोडल्या तेव्हा प्रत्येक कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता.

"ही प्रार्थनेची रांग नव्हे, बाई," मास्तर म्हणाले. "तोंडं विरुद्ध असली तरच इथं जमतं."

"म्हणजे आम्हा विहिणींचं जमायला हरकत नाही, मास्तर!" खिडकीशी बसलेल्या विहीणबाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. मोठ्या बाईंना त्या हसण्याचा राग आला नाही. ती कोटी आपल्याला सुचली नाही, याचा आला.

"उसवा," मास्तरांनी फर्मावले.

एकतीस वर्षांत त्यांना असे कोणी सुनावले नव्हते. त्यांनी उसवले. पुन्हा शिवले, पुन्हा उसवले. विहीणबाई मध्येच येऊन म्हणाल्या, "टाचणी शिवणीच्या दोन्ही अंगांना लावून बघा. माझंही आधी असंच व्हायचं." त्या खरेच बोलत असाव्यात, पण मोठ्या बाईंना त्यात ‘आधी’ हा एकच शब्द ऐकू आला. त्यांनी कापड गोळा केले आणि उरलेले काम घरी नेले.

घरी जेवणाचे टेबल आठवडाभर चौकोनांखाली गेले. "आज बसायचं कुठं?" यजमानांनी ताट हातात घेऊन विचारले. "शिवणीच्या डावीकडे की उजवीकडे?" बाईंनी चष्म्यावरून पाहिले, आणि ते मुकाट्याने ओट्याशी उभे राहून जेवले.

शेवटी कोपरे जुळले. चौकोन जिथे तोकडा पडला तिथे बाईंनी शिवण कडेला सरकवली. जिथे जास्त झाला तिथे आत घेतली आणि उरलेले कात्रीने छाटून टाकले. आत कुठे कुठे माया जेमतेम दोऱ्याच्या रुंदीची राहिली. पण आतले पाहतो कोण? त्यांनी घाईने कापूस घातला, अस्तर लावले, वरून विरळ टाके मारले आणि गोधडी चहूबाजूंनी बंद करून टाकली.

पुढच्या रविवारी लेकीच्या पलंगावर दोन्ही गोधड्या शेजारी शेजारी अंथरल्या गेल्या. लेकीने कोपऱ्यांवरून बोट फिरवले, इकडून पाहिले, तिकडून पाहिले.

"आई, तुझी जास्त सुबक झालीय गं!"

मोठ्या बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिले; निदान आता तरी तो गोल चेहरा पडेल. तो पडला नाही. विहीणबाईंनी मोठ्या बाईंच्या गोधडीवर तळवा ठेवला, एका शिवणीवरून अंगठा सावकाश नेला आणि मध्येच थांबवला.

"छानच झालीय," त्या म्हणाल्या. मग निघताना, चपला घालता घालता, हळूच: "एकदा भिजवून पिळून घ्या हं. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी घरी परत आणलेली गोधडी कोमट पाण्यात भिजवली आणि यजमानांना एक टोक धरायला लावून पिळली. टर्र असा बारीक आवाज आला. मग आणखी एक. उलगडून पाहिले तर सात कोपरे तोंड वासून उभे होते आणि प्रत्येकातून ओला कापूस डोकावत होता.

बाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. गोधडीपेक्षा त्यांना तो अंगठा आठवत राहिला. त्या बाईला तेव्हाच कळले होते. लेकीसमोर ती एक शब्द बोलली असती तर बाजी तिचीच होती, बोलली नाही. कोपरे तिचे सरस, आणि आता मनही तिचेच मोठे! माणसाने काही तरी दुसऱ्यासाठी ठेवावे की नाही?

"सांग, शाई सांडली म्हणून," यजमानांनी सुचवले.

"मी पोरांना एकतीस वर्षं काय सांगितलं? चुकलं तर चुकलं म्हणा, खाडाखोड करू नका. शाई सांडली म्हणे!"

संध्याकाळी त्या ओली पिशवी घेऊन लेकीकडे गेल्या. दवाखान्याची बॅग पलंगावर उघडी होती; विहीणबाई शेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालत होत्या.

"आणलीस? दे, तळाशी ठेवते," लेक म्हणाली.

मोठ्या बाई उभ्याच राहिल्या. एके काळी प्रार्थनेनंतर सूचना सांगत तशा, ताठ. "आईंची ठेव. माझी उसवली. माझी माया कमी पडली."

 लेकीचे डोळे एकदम भरून आले. "आई, असं काय बोलतेस? तुझी माया कमी?"

मोठ्या बाईंनी पिशवीतून ओली गोधडी काढून उसवलेला कोपरा पुढे केला. 

"अगं वेडे, कापडाची म्हणतायत त्या," विहीणबाई घडी घालता घालता म्हणाल्या. "दुसरी कमी असती, तर या वयात मास्तरांची बोलणी खायला आल्या असत्या का?"

लेक रडता रडता हसली आणि तिने आईचा हात धरला. मोठ्या बाईंनी तो धरू दिला. विहीणबाईंचे ते वाक्य किती नेमके बसले होते! चारी कोपरे एका ठिपक्यात. ते आपल्याला सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग दोनला होता. मोठ्या बाई दीडलाच जिना चढल्या आणि खिडकीशी असलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मग त्यांनी पिशवीतून नवे कापड काढले, पट्टी लावली आणि प्रत्येक तुकड्याला पाव इंच माया मोजून खूण केली.