भुरी ओहोळात बसली

म्हैस काजलची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे नेमकं तेच विसरले.

काजल माझी सून. लग्नात तिच्या बापानं तिच्यासोबत एक पारडी पाठवली होती, भुऱ्या केसांची, एक कान फाटका. तिची पुढे म्हैस झाली, भुरी. आमच्या पाड्यावर तिच्यासारखं दूध कुणाच्या गोठ्यात नाही. आणि आमच्यात माहेरून आलेलं जनावर बाईचं असतं. नवऱ्यानं चारा घालावा, शेण काढावं, पण विकायला किंवा कुणाला द्यायला त्याचा हात पोचत नाही. माझा हेमराज हे ऐकतच वाढला. तरी त्यानं भुरी देऊन टाकली.

कुणाला, तर ब्रदर भूपेंद्र यांना.

खापर गावच्या मैदानावर त्यांची आशीर्वाद सभा होती. मांडव असा की लग्नाच्या मांडवाला लाज वाटावी, आणि पाण्याचा फवारा मारणारे पंखे. ब्रदर काळ्या काचांच्या पांढऱ्या गाडीतून उतरले. कोट पांढरा, बूटही पांढरे. म्हणाले, देव राजा आहे आणि तुम्ही राजाची लेकरं. राजाची लेकरं फुटक्या कौलांखाली का राहतात? विश्वास कमी पडतो म्हणून. तुमचं सगळ्यात लाडकं जे असेल ते देवाच्या माणसाच्या हातात ठेवा, शंभरपट परत येईल. विश्वासानं नुसतं बोला, डोंगर सरकेल.

आमच्या चर्चचे पाळक दलसिंगबाबा पुढच्याच रांगेत बसून ऐकत होते. बाबांची मोटरसायकल फक्त उतारावर सुरू होते, म्हणून ते कुठंही गेले तरी आधी उतार शोधतात. ब्रदरच्या मापानं बघितलं तर बाबांचा विश्वास मोहरीच्या दाण्याएवढाही नसावा.

हेमराजला पिकअप गाडी हवी आहे. जाहिरातीतला फोटो कापून त्यानं गोठ्याच्या खांबाला चिकटवलाय. अक्कलकुव्याला हायवेवर उभ्या असलेल्या पिकअपवर हात ठेवून तो प्रार्थनाही करायचा, ती आपली व्हावी म्हणून. एका ड्रायव्हरनं चोर समजून त्याला हाकललं, तेव्हापासून लांबूनच करतो. मुलगा माझा आहे म्हणून बोलते, दुसरं कुणी बोललं तर बघून घेईन.

तर तो उठला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, "मी माझी म्हैस देतो."

माझी, म्हणाला.

टाळ्या पडल्या. काजल माझ्या शेजारी बसली होती. ती रडली नाही, भांडली नाही. घरी आली आणि बोचकं बांधायला बसली. दोन साड्या, फणी, दूध काढायची चरवी.

"हे काय काढलंस?" हेमराजनं विचारलं.

"भुरी जाईल तिथं मी जाईन. ती दुसऱ्या कुणाला दूध काढू देत नाही. तुमच्या ब्रदरना चहा तर लागत असेल."

"अगं, पिकअप आली की..."

"आली की तिचं दूध काढा."

तो माझ्याकडे वळला. आमच्याकडे आईला याहा म्हणतात. "याहा, तू तरी सांग तिला."

सून रागानं निघाली तर परत येते. अशी शांतपणे फणी बांधून निघाली तर येत नाही, हे मला माहीत आहे. पण मी म्हटलं, "सांगायचं ते तुला सांगते. शब्द तू देवाच्या नावानं दिलास, मंडळीसमोर दिलास. फुलीबाईच्या घरातून गेलेला शब्द माघारी येत नाही. म्हैस जाणार."

काजलनं माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेनं दूध नासावं. घरात दोन शहाणी माणसं असली तर एकीनं गप्प राहावं.

संध्याकाळी दलसिंगबाबा आले. तोंड उतरलेलं.

"मी त्यांच्याशी बोललो, फुलीबाई. म्हटलं, गरिबाची म्हैस घेऊ नका. तर मलाच म्हणाले, पाळक, तुमची मंडळी गरीब आहे कारण तुम्ही तिला गरिबीच शिकवता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आपल्या प्रभूनं शहरात शिरताना गाढवसुद्धा दुसऱ्याचं आणलं होतं."

"मग?"

"म्हणाले, त्या काळी गाढव म्हणजे आजची महागडी गाडी."

मला हसता हसता ठसका लागला. "गाढव परत केलं होतं की नाही, ते विचारायचं."

"राहिलं," बाबा म्हणाले. "मला चांगलं उत्तर नेहमी मोटरसायकल ढकलताना सुचतं."

"उद्या दुपारी इथं या. गाडी उतारावर लावा आणि काही बोलू नका."

सकाळी ब्रदरचा माणूस आला. छगन, नंदुरबारचा, दोन फोनवाला. गोठ्यात डोकावला, नाकाला रुमाल लावला आणि अहिराणीत म्हणाला, "मावशी, म्हैस लई जाईसन काय करसूत आम्ही? तिना भाव लाई ल्या, पैसा फोनवर टाकी द्या."

"शब्द म्हशीचा आहे. फोनचा नाही."

"पन मावशी..."

"आता रीत ऐक. जनावर देताना आम्ही दावं देत नाही, दाव्याबरोबर घरची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, आपल्या हातानं बांधायचं आणि ओहोळापलीकडे न्यायचं. ओहोळ आमची शीव. तिच्याआधी जनावर घराकडे फिरलं तर देणं मोडलं. खापरच्या गुरांच्या बाजारात कुणालाही विचार."

"आपल्या हातानं म्हंजे ब्रदरनी स्वतः?"

"देणं त्यांना दिलंय. तुला दिलं असतं तर तू ओढ."

छगननं थोडा विचार केला. मग त्याचे डोळे चमकले. "व्हिडिओ चांगला व्हई."

"फार चांगला होईल. दुपारी या, उन्हं डोक्यावर आली की. प्रकाश चांगला असतो म्हणतात."

फाल्गुन सरत आला होता. ओहोळात एका डोहापुरतं पाणी उरलं होतं. एरवी काजल सकाळी भुरीला तिथं नेते. त्या दिवशी मी म्हटलं, आज राहू दे, मी बघते. आणि बघितलं नाही.

दुपारी पांढरी गाडी आली. सगळा पाडा गोळा झाला. हेमराजनं भुरीच्या शिंगांना तेल लावलं होतं आणि स्वतःच्या केसांनाही. ब्रदर अंगणात उभे राहिले, बूट सांभाळत. "आई, बाहेर आणा."

"ब्रदर, आपला राजा गोठ्यात जन्मला. राजाच्या लेकराला आत यायला काय हरकत आहे?"

छगनचा फोन चालू होता. नाही कसं म्हणतील. आले आत. पहिल्या पावलाला डावा बूट शेणात गेला, दुसऱ्याला उजवा. त्यांच्या अत्तराचा वास घेऊन भुरी शिंकली, कोटावरच. त्यांनी निळी नायलॉनची नवी दोरी बांधली, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. ज्यानं जनावर धरलं असेल तो असं कधी करत नाही, पण मला कुणी विचारलं नाही.

भुरी गुमान निघाली. ब्रदर फोनकडे बघून म्हणाले, "पाहा, मुकं जनावरही देवाच्या सेवकाला ओळखतं."

भुरीनं पाणी ओळखलं होतं. आधी चालली, मग झपाझप चालली, मग पळाली. मागून ब्रदर, त्यांच्यामागून छगन, मग बोचकं डोक्यावर घेतलेली काजल, मग सगळा पाडा. मी सावकाश गेले. म्हैस कुठं थांबणार ते मला ठाऊक होतं.

भुरी डोहाच्या मधोमध जाऊन बसली. गुडघे टेकले, अंग सोडलं, डोळे मिटले. ब्रदर मांडीइतक्या पाण्यात, मनगट तिच्या मानेशी बांधलेलं.

"उठ," ते म्हणाले.

छगननं काठी मारल्यासारखं केलं. भुरीनं शेपटी मारली ती खरीच. तो फोन वर धरून काठावर पळाला.

तेव्हा मी बोलले. "ब्रदर, काल तुम्ही म्हणालात, विश्वासानं बोललं तर डोंगर सरकतो. आमचा डोंगर आहे तिथं राहू द्या, आम्हाला त्याची सवय आहे. एवढी म्हैस सरकवा."

बायांनी पदर तोंडात कोंबले. ब्रदरनी हिंदीत आज्ञा केली, मग इंग्रजीत. भुरीनं एक कान हलवला, तोही माशीसाठी. हेमराज काठावर उभा राहून डोळे मिटून प्रार्थना करत होता. कुणासाठी करत होता, ते त्यालाही कळलं नसावं.

उन्हं कलायला लागली. ब्रदरचे ओठ उन्हानं सुकायला लागले. शेवटी काजललाच दया आली. तिनं बोचकं खाली ठेवलं, चरवी काढली आणि तिच्यावर बोटांनी टकटक केलं. "भुरी, चल बाई. वेळ झाली."

भुरी उठली. पलीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ अलीकडच्या काठावर आली आणि घराच्या वाटेला लागली. ब्रदर दोरीला लोंबत चार पावलं आले, मग दोरी सुटली आणि ते चिखलात बसले.

दलसिंगबाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आज सकाळी हिला पाण्यावर आणलं नव्हतं का?"

"विसरले असेन. वय झालं."

"तुम्ही काही विसरल्याचं मला आठवत नाही."

"मग तुम्हीही विसरायला लागलात, बाबा."

बाबा हसले नाहीत. खाली उतरले, ब्रदरसमोर बसले, त्यांचे बूट काढले आणि ओंजळीनं पाणी घेऊन त्यांचे पाय धुतले. मग गळ्यातल्या उपरण्यानं पुसले. ब्रदर पाय मागं घ्यायला गेले, बाबांनी सोडले नाहीत. त्या वेळी कुणी हसलं नाही. छगननंही फोन खाली केला. मला पहिल्यांदा थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण थोडंच.

मग आमच्या अंगणात ब्रदरनी हेमराजची लुंगी नेसून भुरीच्या दुधाचा चहा घेतला. दुसरा कप मागून घेतला. हळूच म्हणाले, "माझ्या आईकडेही म्हैस होती. तापीकाठी."

"मग भर उन्हात म्हैस कुठं जाते, हे विसरलात कसे?"

त्यांनी कपावरची साय बोटानं बाजूला केली. जाताना काजलला म्हणाले, "ताई, रीत मोडायची नाही. म्हैस तुमचीच." ते एवढं चांगलं बोलले की मी छगनला विचारलं, हे रेकॉर्ड केलंस का. त्यानं केलं नव्हतं.

काजलनं बोचकं सोडलं. साड्या खुंटीवर, फणी फडताळात. चरवी मात्र तिनं हेमराजच्या हातात दिली. "ज्याला म्हैस द्यायची हौस आहे, त्यानं आधी काढून बघावी." पहिल्या दिवशी भुरीनं त्याला चरवीसकट उडवलं. आता बसू देते, दूध अजून देत नाही. पिकअपचा फोटो खांबावर आहे, पण त्यावर शेणाचा हात उमटलाय. कुणाचा ते मी विचारलं नाही. हात लहान आहे आणि बांगडीचा वळसाही दिसतो.

छगननं तो व्हिडिओ टाकलाच. भुरी पाण्यात गुडघे टेकून, डोळे मिटून बसली आहे तेवढाच. खाली लिहिलंय, ब्रदर भूपेंद्र यांच्यासमोर म्हशीनंही प्रार्थना केली. अक्कलकुव्याच्या बाजारात लोक फोन दाखवून विचारतात, "फुलीबाई, ही तुमचीच का म्हैस?"

मी म्हणते, माझी नाही. माझ्या सुनेची.