कॉलरचा पाठ

"हात मागं घ्या, मॅडम," परीक्षक भावसिंग सर मागच्या बाकावरून म्हणाले.

गझालाने विद्यार्थिनीच्या, पुष्पाच्या, मशीनवरचे हात ओढणीखाली घेतले. दिग्रसच्या या खासगी आयटीआयत ती नऊ वर्षं शिवण शिकवत होती, आणि आता शिकवायचं कसं याची परीक्षा देत होती. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर जूनपासून नोकरी नाही, असं संस्थेने सांगून टाकलं होतं. म्हणून वर्षभर दर शनिवार-रविवार ती एसटीने यवतमाळला जाऊन स्वतः विद्यार्थ्यांच्या बाकावर बसली. मागच्या परीक्षेच्या पाठात भावसिंग सरांनीच तिला नापास केलं होतं. "तुम्ही शिकवून नाही राह्यल्या, करून देऊन राह्यल्या," असं तोंडावर म्हणाले होते. आज शेवटची संधी होती. कमरेच्या दुखण्याने नवऱ्याचं, अन्सारचं, गॅरेज बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

तिने फळ्यावर आकृती काढली, गळ्याचा मध्य आणि कॉलरचा मध्य कसा जुळवायचा ते सांगितलं. सांगण्यात चूक नव्हती. निभावलं बहुतेक, असं तिला वाटलं.

मग सर पुष्पापाशी आले. तांड्यावरून येणारी ही पोर वर्गात सगळ्यांत हुशार. तिने शिवलेले शर्ट ऑफिसच्या कपाटात मांडलेले होते.

"आता तू बसव, बेटा. मॅडम बोलणार नाहीत."

पुष्पाने मशीन चालवलं. अर्ध्यावर कापडाला चूण पडली. ती थांबली आणि रोजच्या सवयीने, जराही न घाबरता, तिने शर्ट गझालापुढे धरला.

"इथून तुमीच करता ना, मॅडम. घ्या."

सरांचं पेन थांबलं. कपाटातल्या प्रत्येक शर्टावर चुणीपासून पुढची शिलाई गझालाचीच होती. कापड वाया जाऊ नये, पोरींना बोलणी बसू नयेत, एवढ्याचसाठी. नऊ वर्षांत किती मुली अशा अर्धवट शिकून घरी गेल्या? तिने शर्ट हातात घेतला नाही.

"काहून मॅडम, रागावल्या?"

"नाही बेटा. उसव ते."

"मले नाही जमत."

"माहीत आहे. माह्यामुळंच. उसव, मी बसते इथं."

सरांनी कागदावर सही केली आणि तिच्याकडे न पाहता निघून गेले. निकाल विचारायची गरज उरली नव्हती.

गझालाने स्टूल ओढलं. पुष्पा चाचपडत एकेक टाका उसवू लागली. एके ठिकाणी कापड टरकन फाटलं. गझालाने ते फाटू दिलं.