बाकामागची भिंत

सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या सुट्टी. ब्रशला कुणी हात लावायचा नाही. झोपा, पत्ते कुटा, आईला फोन करा." परमुलखात येऊन पोरं एका शाळेच्या भिंती रंगवत होती आणि सगळ्यांचे खांदे भरून आले होते. पण सेवेची हौस मोठी खोडसाळ. एकदा अंगात भिनली की माणसाला स्वस्थ म्हणून बसू देत नाही.

त्यातून ताई! वयानं मोठी म्हणून सगळ्यांची ताई. ती आणि सहा फुटी उंचीमुळे सगळे ज्याला बांबू म्हणायचे तो पोरगा, दोघांची सोय मावशीच्या घरी होती. मावशी ना नात्याची ना गोत्याची. पण पहिल्याच संध्याकाळी तिनं ताईच्या हातावरचे फोड पाहिले, कोमट पाण्यानं धुतले, तेव्हापासून ती मावशी. तिची भाषा यांना मोडकीतोडकी कळायची, यांची तिला तेवढीच. एकटी राहायची.

सकाळी मावशी बहिणीकडे गेली आणि ताईची नजर स्वयंपाकघरातल्या बाकामागच्या भिंतीवर गेली. भिंतीवर काळपट, तेलकट डाग होता, माणसाच्या डोक्याएवढा.

"बिचारीला कोण रंगवून देणार? ऊठ, शाळेतला उरलेला रंग आहे."

"ताई, माझी हाडं तुला शिव्या देताहेत."

"त्यांना म्हणावं, हळू द्या. मावशी यायच्या आत भिंत झाली पाहिजे."

"निदान तिला विचारू तरी."

"पुण्य काय विचारून करायचं असतं?"

बांबू कुरकुरत उठला. डागाशी येऊन थबकला. "याला आधी अस्तराचा हात लागेल गं, तेलकट आहे."

"एवढ्याशा डागाला कुठलं अस्तर? मार तसाच."

दुपारी मावशी परतली. दारातच थांबली. हातातली पिशवी हातातच राहिली. ताई हसत पुढे झाली आणि मावशीचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

मावशीनं बाक सरकवला, ओल्या भिंतीवर तळवा ठेवला. "इथे डोकं टेकून बसायचे ते, कामावरून आले की. केसांना तेल. मी रोज करवादायची, भिंत खराब करता म्हणून." मग तळवा न काढताच, "गेले त्याला तिसरं वर्ष."

ताईनं ओलं फडकं उचललं आणि भिंत घासायला लागली. नवा रंग निघाला, त्याच्यासोबत जुनाही पोपडा सुटला. मावशीनं तिचं मनगट धरलं. "नको. उरलंसुरलंही जाईल."

"विचारायला हवं होतं, मावशी."

"हो, हवं होतं." शब्दात राग नव्हता. पण पोरीला बरं वाटावं म्हणून ती खोटंही बोलली नाही. "हात धुवा. जेवून घ्या."

जेवताना ताईची नजर सारखी भिंतीकडे जात होती. लहानपणी ताईनं आजोबांच्या मांडीवर बसून कितीतरी कीर्तनं ऐकली होती. बुवा सेवेचा महिमा गाऊ लागले की झांजांनी अंगावर काटा यायचा, आणि सेवा म्हणजे काहीतरी करणं, एवढंच तिच्या हाती लागायचं. दुसऱ्याच्या दाराशी आधी थांबायचं असतं, हेही बुवांनी नक्की सांगितलं असेल. तोवर तिला झोप लागलेली असायची.

जेवण झाल्यावर मावशी चुलीशी पाठमोरी काहीतरी निवडत बसली. ताई जमिनीवर, गुडघ्यांत तोंड घालून. उन्हं कलली, भिंत वाळत आली.

"ताई," बांबू कुजबुजला, "आपण अस्तर दिलं नव्हतं ना..."

तिनं मान वर केली. पांढऱ्या रंगातून कुठेतरी पिवळसर झाक वर येत होती. शाळेच्या भिंतीवर असंच तेल वर आलं होतं, तेव्हा दोघांनी त्याला काय काय नावं ठेवली होती! आता दोघं श्वास रोखून बघत राहिले. झाक गडद झाली, गोल झाली. पूर्वीसारखी नाही. कडा विरलेल्या, आणि एका बाजूला ताईच्या फडक्याचा ओरखडा.

ताईनं जाऊन मावशीचा हात धरला आणि तिला भिंतीसमोर आणून उभं केलं.

मावशी बघत राहिली. तिनं डोळे पुसले, कमरेवर हात ठेवला आणि त्या डागाला म्हणाली, "केलीत ना पुन्हा भिंत खराब?"

मग तिनं बाक होता तिथे ओढला आणि डागाखालची जागा सोडून दुसऱ्या टोकाला टेकली.