पाठीवरची पिवळी वायर

मी एक जुना सर्किट बोर्ड आहे, पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या पेटीतला. मित्रांनो, माझी हुबेहूब नक्कल करून तृप्तीला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. वडिलांच्या तोंडून एक 'शाब्बास'. बस्स. पस्तीस वर्षांत तो शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तेवढ्यासाठी तिनं चार महिन्यांचे रविवार घातले.

माझी उमेदीची वर्षं तिच्या वडिलांच्या, साहेबरावांच्या दुकानात गेली. विमानांच्या लढाईचा खेळ होता. शाळा सुटली की पोरांची रांग लागायची. माझ्या रंगांचं, आवाजांचं कोण कौतुक! साहेबरावांचा थोरला प्रदीप फुकट खेळायचा. धाकटी तृप्ती दारातून डोकावली, की साहेबराव खेकसायचे, "पोरींचं काय काम हाय हितं? घरी पळ!"

साहेबरावांनी कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट आता सांगून टाकतो. माझ्या पाठीवर त्यांनी स्वतः एक पिवळी वायर सोल्डर केली होती. तिच्यामुळे तिसऱ्या टप्प्यावर शत्रूची विमानं एकदम दुप्पट वेगानं सुटत आणि पोरांचा खेळ झटपट आटपे, की पुन्हा नाणं टाकावं लागे. कैलास नावाचा पोरगा तर रोज तिथंच मरायचा. "कैल्या, तुझा हातच लाकडाचा हाय!" सोबती चिडवायचे आणि त्यालाही ते खरं वाटायचं. माझा संताप व्हायचा. पण बोर्डाचं ऐकतो कोण?

पुढे मोबाइल आले, दुकान बंद झालं. पेटीसकट मी गोठ्याशेजारच्या खोलीत पडलो. मुळशीच्या ओलीनं माझ्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या. ज्यांचं दुकान मी चालवलं, त्यांनी माझ्यावरून एक फडकं फिरवलं नाही.

साहेबरावांची एकसष्टी जवळ आली, तेव्हा तृप्तीनं मला पेटीसकट गुपचूप बावधनला तिच्या घरी नेलं. ती इंजिनिअर झाली होती. तिनं माझ्या काळ्या आयसी, म्हणजे खेळ साठवलेल्या चिप, एकेक करून काढल्या, माझी रेष न् रेष उतरवून घेतली, घरीच नवा बोर्ड तयार केला आणि माझ्याच आयसी त्याच्यावर बसवल्या. मित्रांनो, मला कुणी विचारलं? पण आयसी काढताना ती हळूच फुंकर घालायची, म्हणून तिच्यावर माझा राग टिकला नाही.

पिवळी वायर पाहून ती थबकली. वायरीशिवाय खेळून पाहिलं, तर थेट पाचवा टप्पा गाठला. वायर जोडून खेळली, तर तिसऱ्यातच खलास. मग वडिलांचं काम ओळखून ती वायर नव्या बोर्डावर पक्की करत म्हणाली, "आबांच्या हातची आहे. असू दे."

एकसष्टीच्या दिवशी प्रदीपनं पेटी बावधनहून टेम्पोतून आणली आणि तिला लाल रिबीन बांधली. त्याचं काम एवढंच. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला मी सगळं ऐकत होतो. पडदा उजळला आणि साहेबरावांनी प्रदीपच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं माझ्या वाघा!"

वाघ नुसता हसला. 'मी नाही केलं' हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून फुटले नाहीत.

पहिला डाव कैलासला दिला. आता तो जीप चालवतो, केस पिकलेत. तो तिसऱ्या टप्प्यावर मेला. "अजून लाकडाचाच हाय की रं!" मांडव हसला, कैलासही हसला. साहेबराव मात्र चपापले. प्रदीपच्या कानाशी लागून म्हणाले, "ती वायर तशीच ठिवलीस व्हय?"

"कसली वायर?"

"पिवळी," मागून तृप्ती म्हणाली. "मी ठेवली, आबा. अख्खा बोर्ड मीच केलाय."

आता तरी बोलायचं! पण तिचं नाव घेतलं असतं, तर वायरीचीही गोष्ट निघाली असती. साहेबरावांनी मांडवाकडे तोंड फिरवलं. "प्रदीपनं लई कष्ट घेतलं. चला, पानं वाढलीत."

तृप्तीनं बटण बंद केलं, पेटीचं मागचं दार उघडलं आणि कटरनं वायर तोडली. पुन्हा बटण दाबून म्हणाली, "कैलासदादा, आता खेळा."

तिसरा टप्पा गेला. चौथा गेला. पाचव्यावर मांडवातलं हसू बंद झालं. कैलासनं डाव तसाच सोडला आणि वळून विचारलं, "काका, म्हंजे माझा हात चांगला व्हता?"

साहेबराव पंगतीकडे वळले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरून वर्षातून एकदा तरी फडकं फिरवा. आणि शाबासकी देण्याआधी समोरच्याची बोटं बघत जा. तृप्तीच्या तीन बोटांवर सोल्डरचे चटके होते, कुणी पाहिले नाहीत.

कुणाचं काय गेलं, तेही ऐका. माझ्या आयसी गेल्या. तृप्तीचा 'शाब्बास' गेला. कैलासची पंचवीस वर्षं स्वतःच्या हाताला नावं ठेवण्यात गेली. प्रदीपचं काहीच गेलं नाही, त्यानं श्रीखंड दोनदा घेतलं. आणि साहेबरावांचं? निघताना कैलास त्यांच्या पाया पडला नाही, तेवढंच.