निम्मा घास वाकळीला

“तुमच्यात गाद्या नसतात का गं?”

एवढाच प्रश्न विचारायचा होता. शब्द इकडचा तिकडे होता कामा नये, आवाज खाली यायला नको, आणि विचारताना चक्क हसायचं. साक्षीनं पैजच लावली होती. पलूसच्या शाळेच्या नळावर, चार पोरींच्या देखत ती म्हणाली, “विचारलास तर तू वाघीण. न्हाईतर जन्मभर शेळी!” आणि दीक्षानं ओल्याच हातानं तिला टाळी दिली होती.

प्रश्न मूळचा दीक्षाचा नव्हताच. तो संयोगिता निकमचा. गेल्या वर्षी आठवीत, साताऱ्याच्या शाळेच्या गाईडच्या शिबिरात सगळ्या पोरी अंथरुणं घालत होत्या. कुणाची फुलाफुलांची सतरंजी, कुणाची हवा भरायची गादी. दीक्षानं जुन्या लुगड्यांची शिवलेली आपली मऊसूत वाकळ अंथरली आणि एवढ्यात संयोगितानं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. “ए दीक्षा, तुमच्यात गाद्या नसतात का गं? का सगळ्या गल्लीची लुगडी पांघरता?” मागनं खिदळण्याचा नुसता धबधबा. ‘तुमच्यात’ म्हणजे कुणात, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळलं होतं. सकाळी दात घासायच्या आत तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर होता, आणि दुपारपर्यंत दीक्षाचं नाव ‘चिंधी’ पडलं होतं.

बाई म्हणाल्या, “पोरींची गंमत गं, मनावर घ्यायचं नाही.”

दीक्षानं मनावर नाही, गळ्यावर घेतलं. वर्गात धडा वाचायला उभी राहिली की गळ्याला कुणी नाडी आवळल्यासारखं होई. हजेरीला ‘हजर’ म्हणायची चोरी. मार्चपर्यंत तर घरातसुद्धा ती मानेनंच बोलायला लागली. मग पप्पांनी, म्हणजे महेंद्रनं, तिला उचललं आणि जूनमध्ये पलूसला आपल्या थोरल्या बहिणीकडं आणून सोडलं. “ताई, वर्षभर ठेव. पोरगी सुकत चाललीया.”

येसूआत्यानं काय केलं, तर काहीच केलं नाही. ना प्रश्न, ना उपदेश. तिच्या हातात सुई दिली आणि समोर अर्धी शिवलेली वाकळ पसरली.

ह्याच चिंध्यांनी आपली आब्रू घालवली आणि पुन्हा ह्याच! दीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. पण आत्याच्या घरात वाकळ हाच धंदा. अर्ध्या तालुक्याची जुनी लुगडी तिच्या ओसरीवर येत आणि पांघरुणं होऊन जात. सुईत दोरा ओवण्याआधी आत्याचा एक नेम होता. ती विचारायची, “आज कुनाचं आभार?” आणि तिचं तीच उत्तर द्यायची. कधी नळाला पाणी आलं म्हणून नळाचे, कधी शेजारच्या म्हशीचे. एकदा तर गुडघ्याचे, “लय बोंबलतोय, पर अजून चालतोय बिचारा.” दीक्षा मान फिरवायची. तिला आभार मानण्यासारखं जगात काही दिसत नव्हतं. टाका घालताना मात्र दर टाक्याला ती मनात एकच नाव घ्यायची आणि सुई खसकन आत घुसवायची. त्यामुळं झालं असं, की तिचे टाके सगळ्यांत घट्ट यायला लागले.

मग पावसाळ्याचे तीन महिने चालणारा वर्षावास लागला. संध्याकाळी विहारात सगळी जमायची, त्रिसरण-पंचशील व्हायचं आणि मग रोज थोडा धम्माचा ग्रंथ वाचायचा. वाचणारे गुरुजी गावाला गेले तेव्हा आत्यानं दीक्षाला पुढं ढकललं. “माझ्या डोळ्याला दिसंना झालंय. वाच.”

“आत्या, मला...” एवढंच तिच्या तोंडातनं निघालं.

“बोबडं वाच, चुकत वाच. हितं कोन परीक्षा घ्यायला बसलंय?”

मेणबत्तीच्या उजेडात तिनं पहिली ओळ वाचली. घसा अडला. म्हाताऱ्या गप्प बसून राहिल्या, अगदी निवांत, बस येणार हे ठाऊक असल्यासारख्या. कुणी मोबाईल काढला नाही. दुसरी ओळ आली, मग तिसरी, मग आख्खं पान. संपल्यावर सगळ्यांनी हात जोडून तीनदा “साधू, साधू, साधू” म्हटलं. त्या रात्री घरी जाताना दीक्षा एवढी बडबडली की आत्या म्हणाली, “आता गप बस जरा, माझं कान दमलं.”

तिथनं जे सुरू झालं ते थांबेना. विहारातलं वाचन तिचंच झालं. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं ती फडशा पाडल्यासारखी वाचू लागली. वर्गात पहिला हात तिचा. साक्षीसारखी मैत्रीण मिळाली, जिच्याशी भांडायलासुद्धा मजा यायची. आभाराच्या नेमातही ती आपणहून भाग घेऊ लागली. “आज माझ्या घशाचे!”

एवढं सगळं बरं झालं, पण सूड काही बरा झाला नाही. उलट आवाज परतल्यापासनं त्याला तोंड फुटलं होतं. एके दिवशी वाचनात ‘वैरानं वैर शमत नाही’ असं सांगणारं पान आलं. दीक्षानं ते पान असं भरधाव वाचलं, की एका आजीनं विचारलंच, “पोरी, पाठीमागं कुत्रं लागलंय का?”

आणि दसऱ्याच्या आधी ते गाठोडं आलं.

दीक्षा शाळेत होती तेव्हा साताऱ्याची एक बाई देऊन गेली होती. माहेर पलूसच्याच अंगाला, त्यामुळं आत्याच्या वाकळी तिला ठाऊक. नवरा उन्हाळ्यात गेला होता. त्याचेच कपडे होते. “मी च्या टाकते म्हनलं,” आत्या सांगत होती, “तर म्हनली, आज उपास हाय. पानी दिलं तर म्हनली, पान्याचा बी उपास. बुधवारचा गं कसला आलाय उपास?” आणि आत्या हसली. असले उपास तिला नवे नव्हते.

गाठोड्यात लुंग्या होत्या, बनियनी होत्या आणि फौजेचा हिरवा शर्ट. खिशावर नावाची पट्टी तशीच. बाईनं बजावलं होतं, पट्टी उसवायची नाही, मधोमध लावायची. पुढच्या रविवारी लेकीला घेऊन वाकळ न्यायला येते, असंही सांगून गेली होती. दीक्षानं पट्टी वाचली. लालासाहेब निकम. पंधरा ऑगस्टला साताऱ्याच्या शाळेत हाच शर्ट घालून सुभेदार निकम झेंड्यापाशी उभे राहायचे, आणि पहिल्या रांगेत त्यांची लेक मान ताठ करून.

दीक्षाच्या हातातली सुई तशीच थांबली. मग तिनं आत्याच्या आधी स्वतःच विचारलं, “आज कुणाचे आभार, सांगू? संयोगिता निकमचे. आपल्या पायानं आमच्या ओसरीवर येणार आहे ना, म्हणून.”

आत्यानं चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. “तीच का ती?”

“तीच.”

“मग टाकं सारखं घाल. गिऱ्हाइकाच्या वाकळंत राग दिसता कामा न्हाई.”

हिरवं कापड असं दणकट, की साध्या सुया मोडायला लागल्या. शेवटी दाभण काढावं लागलं. दीक्षा वाकून वाकून शिवत होती आणि मनात प्रश्न घोळवत होती, तोंडात गोळी घोळवावी तसा. तुमच्यात गाद्या नसतात का गं? दुसऱ्याच दिवशी साक्षीला सांगितलं, पैज लागली आणि ठरलं. रविवारी निकमबाई वाकळ न्यायला येतील तेव्हा साक्षी खिडकीआड दीक्षाचा मोबाईल घेऊन बसेल. तोच प्रश्न, आणि दीक्षानं अजून न सोडलेला तोच ग्रुप. फक्त चिंधी आता दुसरी.

रविवारी मायलेकी आल्या. ओसरीवर वाकळ पसरलेली होती. एक कोपरा तेवढा उघडा. वाकळ पुरी करताना त्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवून मग तो शिवून टाकायचा, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही आणि पांघरणाऱ्याला ऊब देते, अशी आपल्याकडची रीत. निकमबाई खाली बसल्या आणि हिरव्या पट्टीवरनं हात फिरवत राहिल्या. संयोगिता उभीच होती. वाळली होती, पण दीक्षानं ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

ती आतनं बाहेर आली. संयोगितानं तिला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“दीक्षा? तू हितं?”

दीक्षा हसली. ठरल्याप्रमाणं, सगळे दात दाखवून. “तुमच्यात गाद्या नसतात का गं?”

 खिडकीआडनं साक्षीचा श्वास ऐकू येत होता. दीक्षानं ह्या घटकेची वाट वर्षभर बघितली होती. आता ही रडेल, आता चिडेल, आता आईच्या पदराआड तोंड लपवेल.

संयोगितानं खाली बघितलं. “आहेत,” ती म्हणाली. “आई झोपत नाही त्यांच्यावर. पप्पा गेल्यापासनं फरशीवरच पडते. म्हणून ही वाकळ.”

झालं! ऐन कुस्तीत समोरच्या पैलवानानं स्वतःच पाठ टेकावी आणि आपला डाव हातात तसाच राहावा, तसं दीक्षाचं झालं. ह्याला काय जिंकणं म्हणतात? तिच्या अंगात राग नुसता उकळत होता, आणि त्याला जायला वाट नव्हती. तेवढ्यात आत्या आतनं गरम भाकरी घेऊन आली. नेहमीप्रमाणं ती तुकडा मोडून कोपऱ्यात ठेवणार, तोच दीक्षानं तिचा हात धरला.

“थांब आत्या. घास घरच्या माणसानं भरवायचा असतो ना! निम्मा वाकळीला, निम्मा स्वतःला. आपल्या चुलीची भाकरी, हितंच बसून खायची. न्हाईतर वाकळ उपाशी.”

आत्याच्या दोन्ही भुवया वर गेल्या. असली रीत तिनं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.  तरी भाकरीचं ताट मायलेकींच्या पुढं ठेवून ती बाजूला बसली.

निकमबाईंनी पदर सावरला. “पोरी, त्याचं काय हाय, आमचा आज...”

“उपास?” दीक्षानं गोड आवाजात विचारलं. “पाण्याचाबी?”

बाईंचा चेहरा उतरला. संयोगितानं मात्र आईकडं बघितलंसुद्धा नाही. ती मांडी घालून बसली, भाकरी मोडली, एक तुकडा कोपऱ्यात सारला आणि एक तोंडात घातला.

“काकी, पांघरणार तुम्ही ना?” दीक्षा म्हणाली. “मग तुम्हीच राहिलात.”

बाईंनी पट्टीवरचं नाव बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग घास मोडला, निम्मा नवऱ्याच्या शर्टाच्या पोटात ठेवला आणि निम्मा खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. चावून झाल्यावर त्या पुटपुटल्या, “येसूबाई, जरा पानी द्या.”

आत्यानं तांब्या दिला. बाईंनी तो तोंडाला लावून सगळा संपवला.

इथं दीक्षाला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिला लय भारी वाटलं. विहिरीत वरनं उडी मारल्यावर वाटतं तसं, थंड थंड, केसापासून नखापर्यंत.

“मिळालं, मिळालं!” साक्षी खिडकीआडनं धावत आली. “सगळं शूट केलंय. आईचा घास पण! टाकू का ग्रुपवर?”

मायलेकी जागच्या जागी थिजल्या. दीक्षानं साक्षीच्या हातातनं मोबाईल घेतला, आणि बोट लावून व्हिडिओ पुसून टाकला.

“अगं बावळट! एवढी मेहनत केली मी!” साक्षी कळवळली.

“सूड माझा हाय,” दीक्षा म्हणाली. “ग्रुपचा न्हाई.”

आत्यानं कोपरा शिवला, वाकळ घडी घालून दिली. बाई पुढं गेल्या. संयोगिता वाकळ छातीशी धरून पायरीवर घुटमळली.

“मी पण पुसला होता तो. जूनमध्येच.”

“दुसऱ्यांच्या मोबाईलमधनं?”

संयोगितानं वाकळीत हनुवटी खुपसली.

“मग वर्गात उभी राहा आणि सांग. ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर.”

“सांगीन की. पण कुणाला सांगू?” ती हळूच म्हणाली. “तू तर शाळा सोडून गेलीस. सगळी म्हणतात, चिंधी पळाली.”

ती निघून गेली आणि ‘पळाली’ हा शब्द मात्र ओसरीवर बसून राहिला.  आत्यानं तेवढ्यात दीक्षाचा कान पकडला.

“निम्मा सोताला? ही रीत कुठली गं, भवाने?”

“आजपासनंची.”

आत्या हसायला लागली ती डोळ्यांना पदर लावेपर्यंत. मग एकदम करड्या आवाजात म्हणाली, “रीत काढलीस तर आता पाळायची. हितनं फुडं येईल त्या गिऱ्हाइकाला भाकरी द्यायची. आन दळन तू आनायचं.”

दीक्षा दळण आणत होती, शिवत होती, वाचत होती, पण ‘पळाली’ काही केल्या कानातनं जाईना. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. शेवटचं पान तिनं वाचलं, आणि ह्या वेळी अजिबात घाई केली नाही. साताऱ्याहून आई-पप्पा आले होते. आईचे डोळे सारखे भरत होते, लेकीचा आवाज ती कितीतरी महिन्यांनी ऐकत होती. खीर वाटली जात असताना पप्पांनी खुशखबर सांगितली. त्यांनी सांगलीला बदली मागितली होती. विश्रामबागला एक घरही बघून ठेवलं होतं. “आता सातारा नावालासुद्धा नको. तू पुन्हा त्या पोरींचं तोंड बघायचं न्हाईस.”

दीक्षानं खिरीची वाटी खाली ठेवली.

“पप्पा, बदली रद्द करा,” ती म्हणाली. आवाज एवढा खणखणीत की विहारातल्या म्हाताऱ्या मागं वळल्या. “दिवाळी झाली की मी साताऱ्याला येतेय. तीच शाळा, तोच वर्ग. संयोगिताला मी माफ केलेलं नाही, आणि आई, तू मला तसं सांगायचंही नाहीस. ती उभी राहून बोलली तर मी बसून ऐकीन. नाही बोलली, तर मी उभी राहीन आणि सगळ्यांना बसून ऐकावं लागेल.”